शेजारच्या घरातले छोटे कांदे

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. दुपारी दीडच्या सुमारास स्कूटी गेटमधून आत घेतली, तर बाबा अंगणातल्या नळावर हात धुवत होते. एकदा धुतले, बोटं नाकाशी नेली, परत साबण लावला. डोळे लालभडक. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. एकटेच बसून रडले असतील, असं मला वाटलं.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. कांदे सोलून राहिलो होतो."

"कुठे? आपल्याकडे?"

"सिस्टरकडे," ते म्हणाले आणि टॉवेलला हात पुसत आत गेले.

मी हेल्मेट न काढताच उभी राहिले. माझे वडील स्टील प्लांटमध्ये टाइम ऑफिसला क्लार्क होते. मूळचे वर्ध्याकडचे, उभं आयुष्य भिलाईत गेलं. घरात त्यांनी स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लास भरून घेतलेला मी पाहिला नव्हता. आईनं त्यांना कधी कांदा चिरायला सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. कांद्याशी त्यांचा संबंध एवढाच, की गावाकडून ज्वारीचं पीठ आलं की भाकरीशेजारी एक कांदा ठेवायचा आणि बुक्कीनं फोडायचा.

सिस्टर म्हणजे शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई. भिंतीला भिंत. केरळच्या किनाऱ्यावरच्या, नर्सिंग शिकून विशीत इकडे आल्या, इस्पितळात नोकरी केली आणि इथेच निवृत्त झाल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा तिकडे केरळात. आमच्या लायनीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत, आम्ही मुलं सिस्टर आंटी. आईशी भिंतीवरून बोलून बोलून त्यांना मराठी सगळं समजायचं, बोलायच्या मात्र हिंदीच.

आमच्या घरात मासळी चालत नव्हती. सिस्टरकडे मासे तळायला घेतले की आई उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. त्यावरून कधी भांडण झालं नाही. आई खिडकी का लावते हे सिस्टरला माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे आईला माहीत होतं. त्याच भिंतीवरून स्टीलचा डबा यायचा: बटाटे, नारळाचं दूध, कढीपत्ता, आणि त्यात अख्खे शिजलेले लाल-जांभळे छोटे कांदे. बोराएवढे. आई आम्हाला सांगायची, "यात मासोळी नाही, खा."

बारा वर्षांपूर्वी लग्न मोडून मी माहेरी परत आले, तेव्हा लायनीतल्या प्रत्येक बाईनं काही ना काही विचारलं. सिस्टर आंटींनी काहीच विचारलं नाही. रोज संध्याकाळी डबा यायचा, एवढंच. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते हे सगळं माहीत असून केलं.

त्या पावसाळ्यात सिस्टर आंटी मागच्या अंगणात शेवाळावरून घसरल्या. बाबांनी आवाज ऐकला, ऑटो बोलावला, त्यांना इस्पितळात नेलं. उजवं मनगट मोडलं होतं, प्लास्टर घातलं. झाडूपोछा-भांड्यांना बाई होती, पण स्वयंपाक त्या दुसऱ्या कोणाच्या हातचा खाणाऱ्यातल्या नव्हत्या. डाव्या हातानं त्या भात लावायच्या, नारळ मिक्सरमधून काढायच्या. अडलं ते छोट्या कांद्यापाशी. "बाकी सब हो जाता है भाई साहब, ये एक हाथ से नहीं होता," असं त्या सहज म्हणाल्या, आणि बाबा स्टुलावर बसले. हे मला बाबांनीच सांगितलं, जेवताना, माझ्याकडे न बघता.

पहिले काही दिवस मी नेहमीसारखीच शाळेत जात होते. पण मन कुठे लागेना. शाळेत पाचवीच्या वह्या तपासताना मध्येच वाटायचं, आता ते तिकडे बसले असतील. घरी आले की आधी बाबांच्या चपला दारात आहेत का ते बघायची. नसल्या की भिंतीपलीकडून खलबत्त्याचा आवाज यायचा आणि मधूनच हसणं. बाबांचं हसणं. मला ते ओळखायला वेळ लागला. मी चहा ठेवायची, गॅस बंद करायची, परत ठेवायची. शाळेतल्या एका बाईंनी विचारलं, "तुझे बाबा आजकाल बाजारात सिस्टरसोबत दिसतात, नाही?" त्यांच्या विचारण्यात वाईट काही नव्हतं. मला मात्र तो अख्खा दिवस तापल्यासारखा गेला.

शेवटी एका रविवारी मी साखर मागायच्या निमित्तानं तिकडे गेले. घरात साखर होती.

सिस्टर आंटींच्या स्वयंपाकघरात बाबा स्टुलावर बसले होते, पुढ्यात पातेलं. पातेल्यात कोमट पाण्यात छोटे कांदे भिजत पडलेले. बाबा एक उचलत, शेंडा कापत, बूड कापत, आणि अंगठ्यानं साल अशी सरकवत की आतला कांदा ओला, चकचकीत बाहेर यायचा. काही कांद्यांत लसणासारख्या दोन पाकळ्या चिकटलेल्या असायच्या. त्या बाबा हळूच वेगळ्या करायचे. हजेरीचं मस्टर लिहिताना ते असेच वाकायचे.

"बैठो," सिस्टर आंटी म्हणाल्या. "आज तीयल है. मछली नहीं है, तुम भी खाओगी."

मी बसले. बसायचं नव्हतं, पण बसले. त्यांनी खोबरं कढईत कोरडंच भाजायला घेतलं, डाव्या हातानं, न थांबता. पांढरं, मग बदामी, मग जवळजवळ कॉफीच्या रंगाचं. ते वाटलं. दुसरीकडे खोबरेल तेलात कांदे टाकले, अख्खेच. ते बाहेरून मऊ होऊन कडेला तांबूस झाले, मग चिंचेचं पाणी, मग ते वाटण. सगळं करताना त्या बोलत होत्या, आणि मला कळलं की हे सगळं बाबांना आधीच पाठ आहे, कारण पुढचं वाक्य कधी कधी तेच बोलायचे.

"मोठा कांदा कावून नाही चालत, सांगू?" बाबा मला म्हणाले. "त्याले पाणी सुटते. गोड होते. रश्शात विरघळून जाते. हा विरघळत नाही. खाताना दाताखाली येते."

"और मछली में तीन बार डालते हैं," सिस्टर आंटी म्हणाल्या. "एक बार नारियल के साथ पीस के, एक बार कूट के मसाले में, और आख़िर में पतला काट के, लाल तल के, ऊपर से."

"तीनदा," बाबांनी तीन बोटं दाखवली. बोटांची टोकं जांभळट झाली होती.

बाबांना एखाद्या गोष्टीबद्दल इतकं बोलताना मी शेवटचं कधी ऐकलं होतं, ते मला आठवेना. जेवण फार चांगलं झालं होतं. मी दोनदा भात घेतला आणि घरी येऊन कपाट आवरायला काढलं. अर्धवट सोडलं. भांडी घासलेली होती ती परत घासली.

दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. आता हे थांबेल, असं मी धरून चालले होते. थांबलं नाही. रोज साडेदहाला बाबा भिंतीपलीकडे. गुरुवारी सुपेल्याच्या बाजारातल्या दक्षिणी दुकानात दोघं ऑटोनं जायचे, कारण छोट्या कांद्यांची पोती त्या दिवशी उतरायची आणि दुपारपर्यंत चांगला माल संपायचा. नागपुरातल्या दादाचा, माझ्या मोठ्या भावाचा फोन आला. "बाबा तिकडे कावून जातात रोज?" त्यालाही कोणीतरी सांगितलं होतं. "तू काय करून राहिली तिथे? लक्ष दे जरा."

त्याच संध्याकाळी मी बाबांना धरलं.

"आता त्यांचा हात बरा झाला ना?"

"झाला."

"मग?"

बाबांनी रिमोट उचलला. टीव्हीचा आवाज कमी केला.

"तुझी आई गेल्यावर मले कोणी काम नाही सांगितलं," ते म्हणाले. "तू पाण्याचा ग्लास हातात आणून देतेस. गोळ्या डबीत भरून ठेवतेस. चांगलं करतेस. पण मले दिवसभर काही करायचं नसते. तिथे एक किलो कांदे असतात."

मी त्यांच्यासमोरचा रिकामा ग्लास उचलून आत नेला. ते म्हणाले ते खरं होतं, याचाच राग आला. तो राग मी दुसऱ्या दिवशी कामाला लावला.

सिस्टर आंटींच्या मुलाचा नंबर माझ्याकडे होता. त्या पडल्या तेव्हा त्याला मीच कळवलं होतं. मधल्या सुट्टीत, शाळेच्या जिन्याखाली उभं राहून मी त्याला फोन केला. खोटं एकही वाक्य बोलले नाही. आंटींचं मनगट अजून दुखतं, अंगणात शेवाळ आहे, त्या एकट्या असतात, परत पडल्या तर कोण बघणार. सगळं खरं. "तुम्ही त्यांना घेऊन जायला पाहिजे," मी म्हणाले. त्यानं माझे फार आभार मानले. फोन ठेवल्यावर मला वर्गात जायचं होतं, पण मी जिन्याखालीच उभी राहिले.

तो महिनाभरात आला. सभ्य, कामसू मुलगा. आठ दिवसांत त्यानं सामान बांधलं, क्वार्टर एका ओळखीच्या कुटुंबाला राहायला दिलं. जाताना सिस्टर आंटींनी मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. बाबांना फक्त म्हणाल्या, "अच्छा, भाई साहब." बाबांनी मान हलवली. टॅक्सी वळणावरून गेली, तरी ते गेटचा कडीकोयंडा नीट लावत राहिले. तो नीटच होता.

त्यानंतरचे दिवस मला नको वाटतात. बाबा साडेदहाला उठून उभे राहायचे, आणि मग उभे राहिलो कशाला ते विसरल्यासारखे परत बसायचे. पेपर दोनदा वाचायचे. मी त्यांना भाजी निवडायला दिली. त्यांनी निवडली, पण ती मी मुद्दाम दिलेली आहे हे त्यांना कळत होतं. मी जास्त शिकवण्या घेतल्या, स्कूटीवरून कारण नसताना खुर्सीपारपर्यंत जाऊन यायची. सिव्हिक सेंटरला उतरायची, काही न घेता निघायची. जिथे जाईन तिथून लवकर निघावंसं वाटायचं.

एका रविवारी वाटलं, आपणच करू. सुपेल्यातल्या त्या दुकानात गेले, तर छोटे कांदे संपले होते. दुकानदार म्हणाला, "ट्रक नहीं आया दीदी." मी मोठे कांदे घेतले, घरी येऊन बारीक फोडी केल्या, खोबरं भाजलं, चिंच घातली. बाबांनी भातावर घेतलं, खाल्लं.

"चांगलं झालं."

"पण?"

"पाणी सुटलं," ते म्हणाले. "गोड झालं थोडं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळेच असेल, मी एकदम बोलून गेले. "बाबा, त्यांच्या मुलाला मी फोन केला होता. घेऊन जा म्हणून मीच सांगितलं."

त्यांनी ताटातला भात संपवला. हात धुतले. बाहेर जाऊन बसले. पुढचे चार दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले, म्हणजे जवळजवळ नाहीच. मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. पाचव्या दिवशी सकाळी, मी शाळेला निघताना, ते म्हणाले, "तिकीट काढ."

"कुठलं?"

"केरळचं. माझं. तुले याचं असन तर तुझंही."

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही निघालो. दीड दिवसाहून जास्त प्रवास. बाबा खिडकीशी बसून स्टेशनांची नावं मोठ्यानं वाचत होते, त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. मी आतल्या आत माफीची वाक्यं जुळवत होते. एक जुळलं की दुसरं खोटं वाटायचं. नुसती बर्थवरून उठून दारापर्यंत जायची, परत यायची. समोरच्या बाईंनी विचारलं, तब्येत बरी नाही का.

सिस्टर आंटींचं घर कालव्याच्या कडेच्या गल्लीत होतं, समुद्र तिथून चालत पाच-सात मिनिटांवर. त्या दारात उभ्या होत्या. बाबांना बघून म्हणाल्या, "दुबले हो गए आप." मग म्हणाल्या, "हाथ धोके आइए," आणि मागच्या ओट्यावर नेऊन त्यांच्यासमोर सुपात कांदे ठेवले. बाबा बसले, आणि मी त्यांच्या खांद्यांकडे बघत होते. ते खाली आले. इतके महिने ते वर चढलेले होते, हे मला तेव्हा दिसलं.

मी स्वयंपाकघरात गेले. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"आंटी, तुमच्या मुलाला फोन मी…"

"मालूम है," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "उसने पहले दिन ही बताया था."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"क्या बोलती? ग़ुस्सा था." त्यांनी गॅस बारीक केला. "आज भी है, थोड़ा." मग सोललेल्या कांद्यांतली एक मूठ माझ्यापुढे टाकली. "ये पतला काट. ऊपर डालने के लिए. मोटा काटेगी तो कच्चा रहेगा."

मी कापायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते लपवावं लागलं नाही.

त्या दिवशी दोन भांडी होती: आमच्यासाठी भाजीचं, त्यांच्यासाठी मासळीचं. बाबा जेवायला बसले, आणि मासळीच्या मातीच्या भांड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "रस्सा वाढा. तुकडा नको." मी घास हातात धरून बघत राहिले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. लालभडक रस्सा, त्यावर खोबरेलात तळलेला कढीपत्ता आणि मी कापलेल्या कांद्याच्या तांबूस चकत्या. त्यांनी भात कालवला, खाल्ला, थोडं थांबले.

"तीनदा घातला आहे," ते सिस्टर आंटींना म्हणाले. "लागते जिभेले."

आठ दिवस राहिलो. तेवढ्यात मला कळलं की ज्या छोट्या कांद्याला मी तिकडच्या जेवणातली एक वस्तू समजत होते, त्यावाचून तिथलं काहीच उभं राहत नव्हतं. तळायच्या माशाला तिखटाबरोबर कांदा ठेचून लावलेला. आमटीत अख्खा. पालेभाजीत खोबऱ्याबरोबर चिरडलेला. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि होड्या बाहेर पडत नाहीत तेव्हा काय खाता, असं मी विचारलं, तर सिस्टर आंटींनी सहा-सात कांदे, भाजलेल्या लाल मिरच्या आणि मीठ खलबत्त्यात ठेचलं, वरून कच्चं खोबरेल सोडलं आणि पेजेबरोबर वाढलं. "बचपन में दो-दो महीने यही खाया," त्या म्हणाल्या. जीभ पोळली. मी आणखी मागितलं.

"पिकतो कुठे हा?" बाबांनी विचारलं.

त्या हसल्या. "हमारे यहाँ तो उगता ही नहीं. पहाड़ के उस पार से आता है, तमिलनाडु से, ट्रक में भर के."

मला हे फार विचित्र वाटलं. ज्या कांद्याशिवाय इथली चूल पेटत नाही, तो इथला नाहीच. मी हे बाबांना म्हणाले. ते म्हणाले, "आपण तरी भिलाईचे होतो का?"

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. होड्या ओढून वर घेतल्या होत्या, बायका जाळी उन्हातून गोळा करत होत्या. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले.

"मी थांबतो इथं," ते म्हणाले. "महिनाभर."

"कुठे?"

"मागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं आहे. बोललो मी."

"बाबा, हे नेमकं काय आहे?"

लाट आली, त्यांनी तोल सावरला, मी हात पुढे केला होता तो धरला नाही. "सकाळी काम असते," ते म्हणाले. "तेवढंच मले माहीत आहे. बाकीचं तू म्हणशील ते."

परतीच्या गाडीत त्यांच्या रिकाम्या बर्थवर माझी बॅग ठेवली. दुर्ग येईपर्यंत ती उचलून खाली ठेवावी की तिथेच राहू द्यावी, हे मला ठरवता आलं नाही.

महिन्याचे आता सहा महिने झाले. दादा फोनवर ओरडला, की लोक काय म्हणतील, आणि बापाला असं परक्या मुलखात सोडून कशी आलीस. मी म्हणाले, "मी सोडून नाही आले. ते थांबले." तो त्यानंतर बरेच दिवस बोलला नाही, मग एकदा बाबांनाच फोन करून तासभर बोलला. काय बोलले ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

मी मात्र अजून घरात स्थिर होत नाही. दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात मी एकटी. संध्याकाळी या खोलीतून त्या खोलीत जाते, दिवा लावते, मालवते. शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायला आलेलं कुटुंब चांगलं आहे, पण त्यांचे आवाज मला अजून सवयीचे झाले नाहीत. बाबांना परत आणावं असं सकाळी वाटतं, आणि दुपारी वाटतं की माझ्यासाठी कोणाला तरी इथून तिथे हलवायचं काम मी एकदा केलं आहे, तेवढं पुरे.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. दरवर्षी मी बाबांना स्कूटीवर मागे बसवून बँकेत न्यायची. यंदा मी फोन केला, म्हटलं, त्यासाठी तरी यावं लागेल.

"नाही लागत," बाबा म्हणाले. "इथंच झालं. काल गेलो होतो. सिस्टरनं नेलं. मी जिवंत आहे म्हणून इथल्या बँकेतल्या पोरीनं मशीनवर लिहून घेतलं."

मागे कोणीतरी मल्याळममध्ये काही विचारलं, बाबांनी त्याच भाषेत दोन शब्दांत उत्तर दिलं, मग परत माझ्याकडे वळले. "तू कधी येतेस?"

"बघते," मी म्हणाले. "शाळा आहे."

फोन ठेवून मी सेक्टरच्या मार्केटपर्यंत चालत गेले, चालत आले. मग टेबलाशी बसून रजेचा अर्ज लिहायला घेतला. तारखांची जागा रिकामी ठेवली. कारणापुढे लिहिलं, वडिलांना भेटणे. ते खोडलं. परत तेच लिहिलं.